तिसरा माणूस

मागच्या सीटवर कोकमाच्या सोलांच्या अर्ध्या रिकाम्या पिशव्या, डिकीत लोणच्याच्या उरलेल्या बरण्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर, बेल्ट लावून बसवलेला, न खपलेल्या पापडांचा डबा. शुक्रवार होता, २५ नोव्हेंबर २०२२. म्हापशाचा बाजार करून डिचोलीला परतत होते. अस्नोड्याजवळ पोलिसाने हात केला.

"बाय, कागद दाखय."

समोरचा कप्पा उघडला. आत प्लास्टिकचं निळं पाकीट, त्यावर नवऱ्याच्या अक्षरात ‘गाडीचे कागद’. तो जाऊन साडेपाच महिने झाले होते आणि ते पाकीट मी एकदाही उघडलं नव्हतं. पोलिसाने ते हातातही घेतलं नाही. त्याने मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली.

"इन्शुरन्स सोंपलां बाय. ऑगस्टांतच."

बिनविम्याची गाडी रस्त्यावर आणली तर कायद्यात पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला दंड ४,०००. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यानेच सांगितलं. मग त्याने पिशव्यांकडे पाहिलं, गाडी कोणाच्या नावावर आहे ते पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि ‘फाल्यांच करून घे’, म्हणजे उद्याच, म्हणून सोडून दिलं. त्याने माझ्यावर उपकार केले की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा नवरा ट्रकवाला. खाणीवरून धक्क्यापर्यंत खनिज वाहायचं काम. आमचे दोन ट्रक होते. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा एक विकला. मग सर्वोच्च न्यायालयाचा ७ फेब्रुवारी २०१८चा निकाल आला, ८८ लीज रद्द झाल्या, १६ मार्चपासून काम थांबलं आणि दुसरा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला तो राहिलाच. त्याच्या हौद्यात पहिल्याच पावसाळ्यात गवत उगवलं. ज्यांच्या दारात असा ट्रक उभा राहिला नाही त्यांना खाणबंदी म्हणजे फक्त पेपरातली बातमी.

त्या ट्रकाबद्दल एक गंमत मला नंतर कळली. कायदा विमा मागतो तो सार्वजनिक जागी गाडी वापरायला. अंगणात गवत खात उभ्या ट्रकाला तो लागत नाही. २०२२च्या दराने आमच्या ट्रकाच्या वजनगटाला नुसत्या थर्ड पार्टीचेच, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचेच, वर्षाला ३५,३१३ रुपये पडले असते, जीएसटी वेगळा. म्हणजे घरातली सगळ्यात महाग वस्तू बिनविम्याची असूनही कायद्याच्या दृष्टीने सोवळी, आणि बारा वर्षं जुनी अल्टो, जी आम्हाला जेवायला घालत होती, ती मात्र गुन्हेगार.

जेवायला घालत होती हे खरंच. खाणी थांबल्यावर मी सोलं, लोणची, पापड करून विकायला लागले. सुरुवातीला बसने जायचे. पण तीन पिशव्या आणि दोन खोकी घेऊन पहाटेच्या बसमध्ये चढणाऱ्या बाईला कंडक्टर एकदा मदत करतो, दोनदा करतो, तिसऱ्यांदा बस थांबतच नाही. गाडी शिकले ती नवऱ्याकडून, त्याच अंगणात, ट्रकाला वळसे घालत.

म्हापशाहून आले त्या संध्याकाळी कपाटातून नवऱ्याचा मोबाइल काढून चार्जिंगला लावला. तो गेल्यावर महिनाभर चालू ठेवला होता, लोक भेटायला येण्याआधी त्याच नंबरवर फोन करत म्हणून. मग रिचार्ज संपला आणि कोणी केला नाही. फोन उघडला तर जुलैतला मेसेज तसाच, न वाचलेला. आपल्या वाहनाचा विमा १८ ऑगस्टला संपत आहे, वेळेत नूतनीकरण करा. नंतरही आणखी आले असतील, पण ते बंद पडलेल्या नंबरवर गेले. विमा कंपनीने आपलं काम केलं होतं. फक्त ज्याला आठवण करायची तो नव्हता.

आमचा एजंट झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल लावून बसतो. सगळे त्याला भाई म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

"वहिनी, मालक कोण?"

"हे."

"हे नाहीत ना आता."

एवढं बोलून त्यालाच कसंसं झालं आणि त्याने चहा सांगितला. मग तासभर त्याने मला जे सांगितलं ते नवऱ्याच्या तेराव्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. आमच्याकडे माणूस गेल्यावर काय काय करायचं याची यादी भटजींकडे असते, शेजारणींकडे असते, पण त्यात आरटीओचं नाव नसतं. मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करायची. विमाही माणूस गेल्यापासून तीन महिने, किंवा मुदत आधी संपत असेल तर तोवरच चालतो. मी दोन्ही मुदती चुकवल्या होत्या. तिसरीही चुकली होती. सलग काही वर्षं क्लेम न केल्याने नवऱ्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळत होता. तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आणि माणूस गेला तर बायकोला मिळू शकतो. पण पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नवी घेतली तर. भाईने बोटांवर मोजलं. सोळा नोव्हेंबर. दहा दिवसांनी हुकलं होतं.

"सोडा वहिनी, बारा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला? थर्ड पार्टी घ्या. हजार सीसीच्या आत आहे. २,०९४, वर अठरा टक्के जीएसटी. पंचवीसशेच्या आत काम."

पंचवीसशेच्या आत. मुलाच्या कॉलेजची फी त्याच आठवड्यात भरली होती. पंचवीसशे म्हणजे दोन शुक्रवारांची बचत, पापड चांगले खपले तर.

पण अडचण पैशांची नव्हती, म्हणजे फक्त पैशांची नव्हती. भाईचा पहिला सल्ला असा: ऑनलाइन भरायचे, नाव आरसीवर आहे तेच टाकायचं, पाच मिनिटांत पॉलिसी, पोलिसाच्या ॲपमध्ये गाडी हिरवी. "सगळे असंच करतात." गावात बापाच्या नावावरच्या स्कूटरचा विमा बाप जाऊन सहा वर्षं झाली तरी त्याच्याच नावाने भरणारी घरं मलाही माहीत आहेत. पुढच्या पानावर प्रश्न आला. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, तो याआधी घेतला आहे का? भाई माझ्याकडे बघायला लागला. मी भाईकडे. मेलेल्या माणसाचा अपघात विमा. आम्ही दोघं हसलो, आणि मग मला रडू आलं. झेरॉक्सवाल्या मुलाने मशीनचा आवाज वाढावा म्हणून उगाच दोन कोरे कागद काढले.

"आणि उद्या मी कोणाला ठोकलं तर?" मी विचारलं. "मेलेल्या माणसाशी केलेला करार कोर्टात टिकेल?"

भाई गप्प बसला. तो वाईट माणूस नाही. त्याचं गिऱ्हाईक पोलिसाला भितं, कोर्टापर्यंत कोणाचा विचार जात नाही.

माझा जातो, त्याला कारण आहे. विम्याच्या भाषेत पहिला पक्ष आपण, दुसरा कंपनी आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कोणीही, ज्याला आपल्या गाडीचा धक्का लागेल तो. ज्याच्यासाठी ही सगळी सक्ती आहे त्याचं नाव पॉलिसीत कुठेच नसतं. मी त्या तिसऱ्या माणसाची मुलगी आहे.

१९९१ साल. बाबा कोलवाळला शिवणकाम करायचे. शर्ट-पँट, शाळेचे युनिफॉर्म, चवथीच्या आधी रात्र रात्र जागून झबली. एका संध्याकाळी तयार कपड्यांचं गाठोडं सायकलच्या कॅरिअरला बांधून हायवेच्या कडेने येत होते, आणि पेडण्याच्या बाजूने नारळ भरून आलेल्या पिकअपने त्यांना उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला. तो पुढे जुळला, पण आखडला. शिंप्याचा पाय म्हणजे काय, हे पायाची मशीन चालवलेल्यांनाच कळेल. पुढे आईने मशीन चालवायची आणि बाबांनी कापड बेतायचं अशी वाटणी झाली. आईचे टाके कधी सरळ आले नाहीत, आणि गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे गेली.

पिकअपचा विमा दोन महिन्यांपूर्वी संपला होता.

मी दहा वर्षांची होते. पुढची चार-पाच वर्षं आमच्या घरात ‘ट्रिब्युनल’, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट, हा शब्द एखाद्या नातेवाइकासारखा राहत होता. ट्रिब्युनलची तारीख, ट्रिब्युनलचा वकील, ट्रिब्युनलला जायचं म्हणून धुऊन ठेवलेला सदरा. निकाल बाबांच्या बाजूने लागला. पण विमा कंपनी नसल्यामुळे तो निकाल एका माणसावर लागला, ज्याच्याकडे एक जुनी पिकअप आणि भाड्याने कसलेली माडांची बाग याखेरीज काही नव्हतं. कायदा सांगतो की अशी रक्कम कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. ज्याला जमीनच नाही त्याचा कसला महसूल? पाच वर्षांत मिळून त्याने साडेसहा हजार दिले असतील, पन्नास-शंभरच्या नोटांनी.

ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तर जखमी माणसाला सरकारी भरपाई मिळते. २०२२च्या एप्रिलपासून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख, १९९१ मध्ये फारच थोडी होती, पण होती. आमचा माणूस पळाला नाही. त्यानेच बाबांना उचलून नारळांच्या राशीवर झोपवून म्हापशाच्या हॉस्पिटलात नेलं. आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, पळाला असता तर बरं झालं असतं.

त्या माणसाचा मी मनापासून राग केला. वर्षानुवर्षं, त्याचं नाव न घेता. दर चवथीला तो माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळंफुलं बांधतात त्या चौकटीसाठी, नारळांचा घड आणि सुपारीचा शिपटा घेऊन यायचा, दारात ठेवायचा आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता जायचा. आई ते गोठ्यात टाकायची. बाबा काठी टेकत जाऊन परत आणायचे आणि स्वतःच्या हाताने माटोळीला बांधायचे. यावरून दर वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी घरात भांडण. मी आईच्या बाजूची.

तर अशी मी. आणि मी काय केलं?

नवऱ्याच्या नावाने पॉलिसी काढायला नको म्हटलं. भाईने कंपनीला लिहिलं, की मालक वारला आहे, पत्नी गाडी नावावर करून घेते आहे, तिच्या नावाने पॉलिसी द्या. त्यांनी मृत्यूचा दाखला, आरटीओत अर्ज दिल्याची पोच आणि पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, मागितलं. पीयूसीची मुदतही संपलेली. तेव्हा पीयूसीशिवाय विमा मिळत नसे, तसा २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचाच आदेश होता. २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढली, पण मला त्याचा काय उपयोग? विम्यासाठी पीयूसी, आणि पीयूसीसाठी गाडी पेट्रोल पंपापर्यंत न्यायची म्हणजे बिनविम्याची रस्त्यावर काढायची. भाई म्हणाला, "वहिनी, तीन किलोमीटर तर आहे." दीर म्हणाला, टोचन करून नेऊ. टोचन करून नेलेल्या गाडीचं पीयूसी काढताना पंपावरचा मुलगा जे हसला ते मी विसरणार नाही.

या सगळ्याला दोन आठवडे लागले. मधे दोन शुक्रवार आले. आणि दोन्ही शुक्रवारी मी गाडी काढली.

कारणं माझ्याकडे होती. दीड मण सोलं भिजवून, वाळवून, मीठ लावून तयार. फी भरल्यामुळे हातात काही नाही. शेजारच्याची रिक्षा म्हापशाला जाऊन-येऊन मागत होती तेवढ्यात माझा त्या दिवसाचा नफा संपला असता. एका चुलत भावाने तर सुचवलं होतं की गाडी कळंगुटला टुरिस्टांना भाड्याने देऊन टाक, प्रायव्हेट नंबर असला तरी चालतं, कोण बघतो? चालत नाही, आणि खासगी गाडी भाड्याने दिली की विमा असूनही नसल्यासारखा. शिवाय टुरिस्टाला थार हवी असते, आमच्या अल्टोत बसून कोण रील काढणार?

पहिल्या शुक्रवारी, दोन डिसेंबरला, अस्नोड्याच्या पुढे रस्त्याच्या कडेने एक म्हातारा सायकलवर चालला होता. मागे कॅरिअरला गोणी. पहाटेचं धुकं, त्याच्या सायकलला दिवा नाही, पाठीवर पांढरा सदरा तेवढा दिसत होता. ओव्हरटेक करायला जागा होती. मी केला नाही. पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागे राहिले. मागचे हॉर्न वाजवत होते, एक दुधाची गाडी शिव्या देत पुढे गेली. त्या म्हाताऱ्याला कळेना की ही गाडी आपल्या मागे का येते आहे. त्याने दोनदा वळून पाहिलं, मग थांबला, खाली उतरला आणि मला हाताने ‘जा’ म्हणाला.

पुढे थिवीपर्यंत माझे हात स्टिअरिंगवर ओले. करासवाड्याला शाळकरी मुलं, म्हापशात शिरताना पाव घेऊन जाणारा पोदेर, वाटेत आडवं येणारं प्रत्येक माणूस मला दिसत होतं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण रस्त्यावर इतकी माणसं असतात हे मला विमा नसतानाच कळलं. बाजारात कोणीतरी विचारलं, ‘बरं नाही का?’

आणि तिथे बसल्या बसल्या, सोलं मोजून देताना, मला पहिल्यांदा पिकअपवाल्याची ती सकाळ दिसली. नारळ उतरवून ठेवलेले, व्यापाऱ्याला वेळ दिलेली, विम्याचे पैसे पुढच्या खेपेतून भरू असं ठरवलेलं. दोन महिने काही झालं नव्हतं. मग आज काय होणार? मला त्याची दया आली असं नाही. त्याचं गणित मला तोंडपाठ होतं, एवढंच.

दुसऱ्या शुक्रवारीही मी गेले. हे मी कोणालाही सांगितलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

पॉलिसी त्यानंतरच्या आठवड्यात आली. तिच्यावर तारखेबरोबर वेळही छापलेली असते, आणि ती वेळ महत्त्वाची, हे भाईने दोनदा बजावलं. जोखीम त्या घटकेपासून कंपनीची, आधीची आपली. आत बारीक अक्षरात गाडी कशासाठी वापरायची नाही तेही लिहिलेलं असतं: भाड्याने द्यायची नाही, शर्यत लावायची नाही आणि माल वाहायचा नाही, नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून. हे मी वाचून दाखवल्यावर भाई डोकं खाजवत म्हणाला, "चार बरण्या म्हणजे नमुना, वहिनी. चाळीस म्हणजे माल." तेव्हापासून मी चार-चार बरण्या गाडीत ठेवते आणि बाकीचा माल शेजारच्या गावातल्या टेम्पोत भाडं देऊन टाकते. टेम्पोचा विमा आहे का, हे विचारून घेतलं. टेम्पोवाल्याला ते आवडलं नाही.

गाडी फेब्रुवारीत माझ्या नावावर झाली. वारसाचे कागद करायला गेले तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, गोव्याच्या कायद्याप्रमाणे लग्नाच्या दिवसापासून नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी असते, म्हणजे अर्धी अल्टो आधीपासून तुमचीच. कोणती अर्धी, पुढची की मागची, असं विचारावंसं वाटलं होतं. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं, ते आता मुलाचं घातलं आहे. विम्याची आठवण माझ्या फोनवर येते, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात ती तारीख दर वर्षी लाल पेनाने मी स्वतः लिहिते.

बाबा जाऊन आता आठ वर्षं झाली. माटोळीला पिकअपवाल्याकडून काही यायचं केव्हाच थांबलं होतं. परवा चवथीच्या आधी आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं,

"आई, तो अजून आहे का गं?"

"कोण?"

"माटोळीवाला."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"नाही, गेला कधीच," ती म्हणाली. "मुलगा चालवतो पिकअप. नवी घेतली आहे. गेल्या वर्षी नारळ घेऊन आला होता."

"मग?"

"मग काय? विमा भरला आहे का विचारलं. कागद दाखव म्हटलं. दाखवला तेव्हा घेतले नारळ."